मायक्रोवेव्ह शोषक बनवायचाय: कार्बोनिल लोह घ्यावं की कार्बन नॅनोट्यूब?

एक्स बँडसाठी, म्हणजे ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झसाठी शोषक, म्हणजे मायक्रोवेव्ह लहर परत न पाठवता जिरवणारा थर, बनवायचा ठरला की पहिला प्रश्न: इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये) पूड कोणती मिसळायची? माझं मत आधीच सांगतो. थर पातळ हवा असेल तर चपट्या कणांचं कार्बोनिल लोह, म्हणजे अतिशय बारीक शुद्ध लोहपूड, घ्या. वजनावर सगळं अडत असेल तर कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या.

हिशेब करून बघू. मागे धातूचा पत्रा असलेला थर पाव तरंगलांबीइतका जाड असला की त्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूने परतणाऱ्या लहरी एकमेकींना खोडतात. १० गिगाहर्ट्झला हवेतली पाव तरंगलांबी ७.५ मिमी. तिला पर्मिटिव्हिटी (पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो) आणि पर्मिएबिलिटी (चुंबकीय क्षेत्राला किती) यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागायचं. नॅनोट्यूबच्या मिश्रणाची पर्मिटिव्हिटी ९ धरा, पर्मिएबिलिटी १. जाडी आली २.५ मिमी आणि वजन चौरस मीटरला साधारण ३ किलो. आता वजनाने ८० टक्के लोह घाला. पर्मिटिव्हिटी १० आणि पर्मिएबिलिटी १.६ धरली तर जाडी १.९ मिमीवर येते, पण वजन जातं ७ किलोवर. विमानासारख्या ठिकाणी हा फरक फार मोठा, जमिनीवरच्या पेटीला काहीच नाही.

लोहाची खरी जमेची बाजू चुंबकत्व. पर्मिएबिलिटी पर्मिटिव्हिटीच्या जितकी जवळ, तितकी लहर दारातूनच परत न फिरता आत शिरते. शिवाय ठरावीक जाडीत वारंवारतेचा किती रुंद पट्टा शोषता येईल यालाच मर्यादा आहे, हे रोझानोव्ह या संशोधकांनी २००० साली दाखवलं. चुंबकीय पदार्थात ती मर्यादा वर सरकते. मात्र कण जाड असले तर त्यांत भोवरी प्रवाह (कणाच्या आत गोल फिरणारे विद्युतप्रवाह) फिरतात आणि कणाचा गाभा वाया जातो. १० गिगाहर्ट्झला लोहात लहर जेमतेम मायक्रॉनभर शिरते, म्हणून गोल कण बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी कुटणाऱ्या यंत्रात) चपटे करतात. गंज टाळायला सिलिकाचं कवच चढवा. नुसती नॅनो लोहपूड मात्र उघड्यावर काढू नका, ती हवेत आपोआप पेट घेते.

नॅनोट्यूबची अडचण उलटी. थोडं प्रमाण वाढलं की नळ्यांचं जाळं जुळतं, मिश्रण विद्युतवाहक होतं आणि शोषक राहतच नाही, आरसा होतो. त्यामुळे प्रमाण ठरवण्यातच बहुतेक वेळ जातो. नळ्यांवर मॅग्नेटाइटचे (चुंबकीय लोह ऑक्साइडचे) कण बसवले तर पर्मिटिव्हिटी-पर्मिएबिलिटीचा ताळमेळ बराच सुधारतो, आणि मला हीच वाट सगळ्यात आशादायक वाटते.

बेरियम हेक्साफेराइट हा चुंबकीय ऑक्साइड गंजत नाही, पण त्याचा नैसर्गिक अनुनाद, म्हणजे तो सर्वात जास्त शोषतो ती वारंवारता, ४५ गिगाहर्ट्झच्याही वर. एक्स बँडसाठी कोबाल्ट-टायटॅनियम घालून तो खाली आणावा लागतो. २०११ साली पुढे आलेलं मॅक्सीन, म्हणजे धातू आणि कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांचा पदार्थ, लहरी अडवायला उत्तम आहे, पण ते लहर मुख्यत्वे परतवतं. शोषक हवा असेल तर तेवढ्यावर भागत नाही.

शोधनिबंधांतल्या उणे ६० डेसिबल परावर्तनाला (आकडा जितका उणे, तितकी कमी लहर परत) भुलू नका. उणे २० लाच ९९ टक्के ऊर्जा जिरलेली असते. तिथे पाहायचं ते उणे १० च्या खालचा पट्टा किती रुंद, जाडी किती आणि पूड किती टक्के. त्यातले बरेच आकडे पॅराफिनमध्ये मिसळलेल्या छोट्या कड्यावरून गणिताने काढलेले असतात, आणि पॅराफिन उन्हात तापलेल्या पत्र्यावरही मऊ पडतं. तुम्ही इपॉक्सीचा सपाट तुकडा पत्र्यावर चिकटवून प्रत्यक्ष परावर्तन मोजा. वेव्हगाइडमध्ये (लहर वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीत) मोजत असाल तर नमुना २२.८६ गुणिले १०.१६ मिमीच्या चौकटीत घट्ट बसवा; कडेला केसभर फट राहिली तरी पर्मिटिव्हिटी कमी दिसते.