उद्ध्वस्त भविष्याची दोन दारं

'एजंट्स ऑफ शील्ड' या मालिकेच्या पाचव्या सीझनचा दोन भागांचा पहिला एपिसोड (1 डिसेंबर 2017) की 'लेजंड्स ऑफ टुमॉरो' या मालिकेची सुरुवात (21 जानेवारी 2016)? दोन्हींत सुपरहिरो आणि उजाड भविष्य. मला पहिला जास्त भिडला.

'लेजंड्स' 2166 च्या लंडनमध्ये उघडते. शहर व्हँडल सॅव्हेज या अमर खलनायकाच्या टाचेखाली आहे. पण काही मिनिटांत रिप हंटर हा कालप्रवासी 2016 मध्ये येतो, माणसं गोळा करतो आणि गाडी 1975 कडे वळते. भविष्य फक्त कारण म्हणून उरतं. वेग मात्र झकास.

'शील्ड' तिथेच मुक्काम ठोकते. पृथ्वीचे तुकडे झालेत, उरलीसुरली माणसं लाइटहाउस नावाच्या तळात क्री या परग्रहवासीयांच्या हुकमतीखाली जगतायत. शील्डचा एजंट कोल्सन आणि त्याच्या टीमला आधी आपण कुठे आहोत हेच कळत नाही, मग प्रश्न 'कुठे' नसून 'कधी' आहे हे उमगतं. त्या अंधाऱ्या बोळांत आपणही चाचपडतो. आणि टीममधली शास्त्रज्ञ सिमन्स! तिच्या कानात द्रव सोडला जातो आणि तिला तळाचा क्री सत्ताधीश कॅसियस याच्या आवाजाखेरीज काहीच ऐकू येत नाही. एकही इमारत न पाडता गुलामगिरी अंगावर येते. तो प्रसंग पाहून मी खरंच हादरले.

घाईत असाल, हलकंफुलकं हवं असेल तर 'लेजंड्स' लावा. 'शील्ड'साठी आधीचे चार सीझन पाहिलेले बरे, नाहीतर सिमन्सची ती तडफड पोचणार नाही.