कूलंगॅटा: आईबाबांना घेऊन राहायला समुद्राजवळचा फ्लॅट

ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला जायचं ठरलं की सगळे आधी सर्फर्स पॅराडाइजच्या उंच इमारती बघतात. बरोबर वयस्कर माणसं आणि लहान मूल असेल तर माझं ठाम मत वेगळं आहे. थेट दक्षिण टोकाला या, कूलंगॅटाला. आम्ही ऑक्टोबरात ग्रीनमाउंटच्या किनाऱ्यामागे दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला होता. भारतातून आलेले आईबाबा, आम्ही दोघं आणि चार वर्षांची लेक. फ्लॅटला पाचपैकी चार, जागेला पूर्ण पाच.

आधी जागेबद्दल लिहितो, कारण फोटोत फ्लॅट सगळेच छान दिसतात. गोल्ड कोस्टचा बराचसा किनारा उघड्या पॅसिफिककडे, पूर्वेला तोंड करून आहे. लाटा सरळ अंगावर येतात आणि आत ओढणारे प्रवाहही जोरदार असतात. कूलंगॅटाला मात्र पॉइंट डेंजरचं टोक समुद्रात पुढे आलंय आणि त्याच्या आडोशाला रेनबो बे, ग्रीनमाउंट आणि कूलंगॅटा हे किनारे उत्तरेकडे वळलेले आहेत. दक्षिणेकडची लाट टोकाला वळसा घालून येईपर्यंत तिचा जोर बराच ओसरतो. लेक घोटाभर पाण्यात बसून खेळायची आणि आई साडी सावरत तिच्या शेजारी उभी राहायची. तिथेही जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, बाहेर नाही. बुकिंगआधी मी मॅनेजरला समुद्र दिसतो का ते विचारलंच नाही. झेंडे कुठे लावतात आणि तिथवर चालत किती वेळ लागतो, हे विचारलं. उत्तर आलं, रस्ता ओलांडून पाच मिनिटं. तसंच निघालं.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना समुद्रापेक्षा तिथल्या वाळूत जास्त रस. ट्वीड नदीच्या मुखाशी 1960च्या दशकात भिंती वाढवल्या, वाळूची उत्तरेकडची वाट अडली आणि हे किनारे झिजत गेले. म्हणून 2001 पासून नदीच्या दक्षिणेकडची वाळू पंपाने उचलून, पाइपातून नदीखालून नेऊन स्नॅपर रॉक्सच्या बाजूला सोडतात. त्यातूनच सर्फिंगवाल्यांची प्रसिद्ध 'सुपरबँक', म्हणजे पाण्याखालचा वाळूचा लांब पट्टा, तयार झाली. बाबा रोज सकाळी टोकापर्यंत चालत जायचे आणि परत आल्यावर मला पंपाबद्दल नवा प्रश्न विचारायचे. गुडघेदुखीचा माणूस आपणहून इतका चालतोय, हे बघून मला फार बरं वाटलं.

आता फ्लॅट. या भागात तीन मजली जुन्या इमारती बऱ्याच आहेत आणि त्यातल्या अनेकांना लिफ्ट नसते. दुसरी अडचण म्हणजे बाथटबमध्ये उभं राहून घ्यायचा शॉवर. टबची कड ओलांडून आत जाणं सत्तरीच्या माणसाला धोक्याचं असतं आणि जाहिरातीत याबद्दल एक शब्द नसतो. मी न्हाणीघराचा फोटो वेगळा मागवून घेतला. या फ्लॅटला लिफ्टही होती आणि जमिनीलगतचा शॉवरही, म्हणून तो पक्का केला.

स्वयंपाकघरात काचेची सिरॅमिक शेगडी होती. हे आधी विचारून ठेवा, कारण इंडक्शन असेल तर नेहमीचा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. आमचा तापला. आईने वरणभात लावला आणि पहिल्या रात्रीच घर आपलं वाटायला लागलं. फोडणी देताना मात्र खिडकी आणि चिमणी दोन्ही चालू ठेवा. अशा इमारतींत धुराचा अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असू शकतो, आणि विनाकारण गाडी आली तर खर्च पाहुण्याकडून वसूल होईल असं आमच्या नियमपत्रकात लिहिलेलं होतं.

एक गुण का कापला, तेही सांगतो. खाऱ्या वाऱ्याने बाल्कनीचं सरकतं दार इतकं जड झालं होतं की आईला ते एकटीने उघडता येत नव्हतं. तक्रार केल्यावर मॅनेजर त्याच दुपारी स्प्रे घेऊन आला, थोडा फरक पडला, पण समुद्राकाठी घर भाड्याने देणाऱ्याने हे पाहुणे यायच्या आधी बघायला हवं. सोफाबेडच्या चादरींचे पैसेही वेगळे लावले आणि ते पहिल्या बिलात नव्हते. बेडरूमचे पडदे पातळ होते. क्वीन्सलंडमध्ये, म्हणजे गोल्ड कोस्ट ज्या राज्यात आहे तिथे, उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे ऑक्टोबरात पाचच्या सुमाराला सूर्य वर येतो आणि डिसेंबरात त्याच्याही आधी. लेक पहाटेच उठून बसायची. जाड पडदे आहेत का, हे विचाराच.

घड्याळाचं आणखी एक सांगायलाच हवं. गावातला बाउंड्री स्ट्रीट ही राज्याची सीमा आहे. पलीकडचं ट्वीड हेड्स न्यू साउथ वेल्समध्ये आणि ऑक्टोबर ते एप्रिल तिथे एक तास पुढची वेळ. 1992च्या सार्वमतात क्वीन्सलंडने उन्हाळी वेळ नाकारली, तेव्हापासून हे असंच चाललंय. फोन पलीकडचा टॉवर पकडतो आणि आपोआप एक तास पुढे जातो. फ्लॅट सोडायची वेळ आणि विमान या दोन्हींसाठी फोनमध्ये ब्रिस्बेनची, म्हणजे क्वीन्सलंडची, वेळ हाताने लावून ठेवा. विमानतळ इतका जवळ आहे की दिवसा विमानांचा आवाज येतो. रात्री 11 ते सकाळी 6 निर्बंध असल्यामुळे झोपेला त्रास झाला नाही.

ट्राम इथवर येत नाही, बस येते. 2024 पासून राज्यभर सार्वजनिक वाहतुकीचं तिकीट 50 सेंट आहे, त्यामुळे गाडी भाड्याने घेतली नाही तरी चालतं.

वसंत-उन्हाळ्यात (इथे सप्टेंबर ते फेब्रुवारी) ईशान्येचा वारा सुटला की ब्लूबॉटल, म्हणजे डंख मारणारे जेलीफिशसारखे निळे जीव, किनाऱ्याला लागतात. डंख झाला तर समुद्राच्या पाण्याने धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं भाग बुडवून ठेवायचा. फ्लॅटमध्ये किटली आणि बादली आहे ना, हे मी त्यासाठीही बघतो.

हवा कोरडी आणि ऊन सौम्य हवं असेल तर जून ते ऑगस्ट उत्तम. फक्त रात्री गारवा असतो आणि बऱ्याच फ्लॅटमध्ये हीटर नसतो, जादा पांघरूण मागून घ्या. जूनमध्ये जुन्या गाड्यांचा आणि रॉक अँड रोलचा मोठा उत्सव असतो, त्या आठवड्यात जागा मिळणं कठीण. नाताळ ते जानेवारीअखेर भाडं चढतं आणि हवाही दमट. आम्ही ऑक्टोबर घेतला तो देवमाशांसाठी. त्या सुमाराला माद्या पिल्लांना घेऊन दक्षिणेकडे परतत असतात आणि पॉइंट डेंजरवरून, नशीब असेल तर, नुसत्या डोळ्यांनी दिसतात. आईला दोनदा दिसले.

पुढच्या वेळी इमारत हीच, फक्त उत्तर कोपऱ्यातला फ्लॅट मागणार आहे. मॅनेजरच्या सांगण्याप्रमाणे तिथली दारं नवीन आहेत.