पिल्लांच्या नखांसाठी कुठलं साधन घ्यावं? नाशिकच्या पेट शॉपमध्ये मिळणाऱ्या चार प्रकारांची पारख

कुत्री व्याल्यावर आठ-दहा दिवसांनी तिच्या पोटाखाली नीट बघा. आचळांभोवती बारीक लाल रेघा दिसायला लागतात. पिल्लं दूध पिताना पुढच्या दोन्ही पायांनी कास तुडवतात, आणि तोवर त्यांची नखं सुईसारखी झालेली असतात. ओरखडे वाढले की आई पाजता पाजता मध्येच उठते, पिल्लं अर्धपोटी राहतात, आणि त्या ओरखड्यांतून जंतू शिरून कास सुजण्याची भीती असते. त्यातच दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लांचे डोळे उघडतात, आणि अंगावर चढणाऱ्या भावंडाचं नख त्या कोवळ्या डोळ्याला लागू शकतं. म्हणून पहिली कापणी आठव्या-दहाव्या दिवशी, आणि पुढे दूध तुटेपर्यंत दर आठवड्याला. पहिल्या चार-पाच दिवसांत मात्र नखांना हात लावू नये. तेव्हा रक्त गोठण्याची क्षमताही पुरती आलेली नसते.

कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको या भागांतल्या पेट शॉपमध्ये ‘पिल्लासाठी नेलकटर द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा समोर येतो तो पकडीसारखा, रबरी मुठीचा कटर. तो परत द्या. हा मोठ्या कुत्र्याचा कटर आहे. त्याला पात्यामागे एक छोटी पट्टी असते आणि ‘या गार्डमुळे जास्त कापलं जात नाही’ असं सांगितलं जातं. दहा दिवसांच्या पिल्लाच्या बाबतीत ते खरं नाही. पातं आणि गार्ड यांच्यामधलं अंतर पिल्लाच्या अख्ख्या नखापेक्षा जास्त असतं. नख गार्डला टेकेपर्यंत आत सरकवलं तर पात्याखाली बोटाचं टोकच येतं. पकडीची स्प्रिंगही इतकी ताठ असते की ती दाबताना हात हलतो, आणि इथे तर एक मिलिमीटरचा हिशोब आहे.

गोल भोकाचा, आत पातं सरकणारा कटर त्याहून गैरसोयीचा. भोकात नख घालताना नेमकं किती आत गेलं ते दिसत नाही, आणि पिल्लानं पाय ओढला तर नख पिरगळतं. पातं बोथट असेल तर ते नख कापण्याआधी चेपतं. बॅटरीवरचा ग्राइंडर हल्ली खूप खपतो. मोठ्या कुत्र्याला हळूहळू सवय लावली तर तो चांगलाच आहे, पण एवढ्याशा नखाला त्याची थरथर आणि घासून येणारी उष्णता सोसत नाही. पिल्लाला ग्राइंडरची ओळख दोन-अडीच महिन्यांनंतर करून द्यावी.

घ्यावी ती मांजरांसाठी म्हणून मिळणारी छोटी कात्री. दोन्ही पात्यांच्या टोकाशी अर्धगोल खाच असलेली. नख त्या खाचेत बसतं, निसटत नाही, आणि दोन्ही बाजूंनी उघडं राहिल्यामुळे पातं नेमकं कुठे टेकलंय ते दिसतं. आमच्या मते पाच-सहा आठवड्यांपर्यंत दुसरं काही लागत नाही. किंमत ग्राइंडरच्या मानानं कितीतरी कमी.

दुकानात ती तपासूनच घ्या. खराट्याचा एक हीर खिशात घेऊन जा आणि खाचेत धरून कापा. काप स्वच्छ, सपाट आला पाहिजे. हीर वाकून पात्यांमध्ये अडकला किंवा टोकाला त्याचे तंतू निघाले, तर ती कात्री नखही चिरडणार. मग पाती मिटून उजेडासमोर धरा. खाचेच्या दोन्ही बाजूंना फट दिसता कामा नये. स्क्रू ढिला असेल तर पाती एकमेकांपासून दूर सरकतात आणि नखाला उभी चीर जाते. या कात्र्यांचा एक दोष खरा आहे: बोटं घालायची कडी फार लहान असतात. रुंद अंगठा अडकतो आणि ऐन वेळी हात सोडवता येत नाही. आपलं बोट घालून बघा, अडकत असेल तर दुसरी मागा.

तान्ह्या बाळाचं नेलकटर घरात असेल तर पहिली दोन कापणी त्यानं निभतात. पिल्लाचं नख आपल्यासारखं सपाट नसतं, कडेनं चपटं आणि खाली वळलेलं असतं, म्हणून नेलकटर नेहमीसारखं आडवं न धरता कडेनं लावावं. तिसऱ्या आठवड्यापासून नख जाड होतं आणि या नेलकटरनं फाटायला लागतं.

आता कापायचं कसं. पिल्लं पोटभर पिऊन झोपेला आली की तीच वेळ. आईला तेवढ्यात घरातल्या दुसऱ्या कोणीतरी बाहेर फिरवून आणावं, म्हणजे पिल्लू किंचाळलं तरी ती अंगावर येत नाही. हात साबणानं धुवा आणि कोमट होईपर्यंत चोळा. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या खाली जातो, आणि पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला थंडी वाजली तरी कुडकुडताही येत नाही. त्याच्या भोवतीची हवा तेव्हा 29 ते 32 अंश असावी लागते. म्हणून एकेक पिल्लू बाहेर काढा, मांडीवर जाड दुपट्यात घ्या, शेजारी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, आणि तीन-चार मिनिटांत परत सोडा. वळवळत असेल तर आज दोन पाय, उद्या दोन.

डावा तळवा पिल्लाच्या छातीखाली असावा. छाती आवळू नका, श्वास कोंडतो. पंजा अंगठा आणि पहिल्या बोटात धरून खालची गादी हलकेच वर दाबली की नख आपसूक पुढे येतं. बोट कडेनं चिमटीत दाबलं तर दुखतं आणि पिल्लू पाय ओढतं. चूक बहुतेक तेव्हाच होते. मोबाईलचा टॉर्च नखामागे धरा. पांढऱ्या नखात आतला जिवंत भाग गुलाबी दिसतो आणि त्यापुढे काचेसारखा पारदर्शक आकडा. फक्त तो आकडा उडवायचा, एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. काप सरळ आडवा नको, नखाच्या उताराला धरून तिरपा. काळ्या नखात गुलाबी रंग दिसत नाही, तिथे जिथून नख एकदम निमुळतं होतं तेवढंच टोक घ्या. कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला तर त्या नखाला पुन्हा कात्री लावू नका.

पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख हमखास राहून जातं. ते जमिनीला लागत नाही, झिजत नाही, गोल वाढत कातडीत रुतू शकतं किंवा गोधडीच्या दोऱ्यात अडकून उपटतं. चार पायांची 16 आणि ही दोन, अशी 18 मोजा. काही पिल्लांना मागच्या पायांनाही अंगठे असतात. लॅब्रॅडोरला आठ पिल्लं झाली तर एका फेरीत 144 नखं होतात, तेव्हा मोजणी तोंडानं करत गेलेलं बरं.

काप खरखरीत लागला तर कागदी नेल फाईलनं एकाच दिशेनं दोनदा घासा. पुढे-मागे घासल्यानं नखाचे पदर सुटतात.

रक्त आलंच तर घाबरायचं नाही, पण वेळही घालवायचा नाही. 400 ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम 30 ते 35 मिलिलिटर रक्त असतं. त्यातलं एक मिलिलिटर, म्हणजे साधारण वीस थेंब, जाणं म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगातून दीडशे मिलिलिटर जाण्यासारखं. पेट शॉपमधली रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर असेल तर चिमूटभर तळहातावर घेऊन नखाचं टोक त्यात दाबून धरा. बेंझोकेन (जागा बधिर करणारं औषध) असलेली पावडर इतक्या लहान पिल्लाला नको, आई ती चाटतेच. पावडर नसेल तर किराणा दुकानातली तुरटी खलबत्त्यात अगदी बारीक करून ठेवा, नाहीतर कॉर्नफ्लोअर. दोन-तीन मिनिटं दाबा, मध्येमध्ये उघडून बघू नका. थांबल्यावरही पाचेक मिनिटं आईपासून दूर ठेवा, नाहीतर ती चाटून खपली काढते. दहा मिनिटांत थांबलं नाही तर थेट पशुवैद्याकडे.

आपल्या हाताला कंप असेल तर घरी येणाऱ्या ग्रूमरला बोलवायला हरकत नाही, पण त्याची कात्री वापरू देऊ नका. लस न झालेली पिल्लं ग्रूमिंगच्या दुकानात तर नेऊच नका. पार्व्होचा, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब लावणाऱ्या जीवघेण्या रोगाचा विषाणू अवजारांवर आणि फरशीवर टिकून राहतो, आणि स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून तो मरत नाही. ब्लीच एक भाग, पाणी तीस भाग, त्यात पाती दहा मिनिटं बुडवावी लागतात. मग लगेच स्वच्छ पाण्यानं धुवून कोरडी करा, कारण ब्लीचनं पोलाद खराब होतं. पावसाळ्यात स्क्रूपाशी गंज धरतो. तिथे शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून पाती कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा. नख खाचेत मावेनासं झालं, की त्या दिवसापासून मोठा कटर घ्यायला दुकानात जायचं.