तीन वर्षांचं लेकरू: गावातली अंगणवाडी की तालुक्याची नर्सरी?

धाकट्या जावेनं विचारलं, “अक्का, पोरीला व्हॅननं सेलूला धाडू का इथंच अंगणवाडीत बसवू?” लगेच उत्तर द्यायचा माझा जीव होईना. मग दोन्हीकडं एकेक सकाळ बसून आले.

दिसायला नर्सरी उजवी. पंखे, रंगीत तक्ते, लेकरांच्या पायात बूट. अंगणवाडीत एकच खोली आणि कोपऱ्यात तांदळाची पोती. पण मी बघत होते ते वेगळंच: लेकरू बोललं की बाई त्याला काय उत्तर देतात, आणि प्रश्न विचारून त्याच्यासाठी थांबतात का.

हेच बघायचं कारण आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रॉबर्ट पिआंटा यांनी सहकाऱ्यांसोबत वर्गात बसून मोजणी करायची ‘क्लास’ नावाची पद्धत तयार केली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात: बाईंची माया, वर्गाची घडी आणि बोलण्यातून लेकराच्या विचाराला मिळणारी चालना. तिथल्या ११ राज्यांतल्या बालवर्गांवरचा एक अभ्यास २००८ साली आला. बाईंची पदवी, वर्गाचा आकार असल्या कागदावरच्या निकषांपेक्षा बाई आणि लेकरू यांच्यातल्या या देवाणघेवाणीचा शिकण्याशी जास्त संबंध दिसला. आणि या तीन गोष्टींत चालनाच सगळ्यात कमी पडते, अमेरिकेतसुद्धा.

नर्सरीत एक पोरगं म्हणालं, “मिस, आमची म्हैस व्याली.” मिस प्रेमळ होत्या, पण “इंग्लिशमधे बोल” म्हणाल्या. पोरगं गप्प बसलं ते बसलंच. पुढचा तासभर सगळ्यांनी मिळून आकडे म्हटले आणि साडेतीन वर्षांच्या बोटांनी वहीत ‘ए’ गिरवला. मला वाईट वाटलं ते त्या म्हशीचं. तिच्यावर अर्धा तास बोलता आलं असतं.

अंगणवाडीत अशीच एक बकरीची गोष्ट निघाली. सेविकाताईंनी विचारलं, “पिलं किती झाली? दूध कुणाला आधी पाजलं?” चार लेकरं एकदम बोलायला लागली, त्यात घरी तोंड न उघडणारी एक पोरगीसुद्धा. मी हरखून गेले. पण चाळीस मिनिटांनी मोबाईल निघाला. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरची नोंद, वजनं, मग एका गरोदर बाईची चौकशी, मग खिचडी. बोलणं तिथंच तुटलं. ताईंचा दोष नाही, एका माणसावर केवढं लादायचं!

तमिळनाडूत ६४० अंगणवाड्यांवर झालेला प्रयोग याच जागेवर बोट ठेवतो. काही अंगणवाड्यांना फक्त बालशिक्षणासाठी अर्धवेळ एक जादा कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुपटीनं वाढला, भाषा आणि गणित सुधारलं, शिवाय कुपोषणही कमी झालं. म्हणून अंगणवाडी निवडताना आधी विचारा: मदतनीस रोज येते का? खिचडीचं काम तिच्याकडं असलं तर ताईंना लेकरांसाठी वेळ उरतो.

दोन्हीकडं कमी पडतं, हेही सांगते. आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे १४,००० लेकरांवरचा मोठा अभ्यास २०१७ ला आला. पाच वर्षांच्या बऱ्याच लेकरांची शाळेची तयारी झालेली नव्हती, आणि खासगी बालवर्ग म्हणजे पहिली इयत्ताच लहान लेकरांपर्यंत खाली ओढलेली, असं त्यात दिसलं. तरी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला पालघरकडच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते लेकरांच्या अंगणात जाऊन. अंगणवाडी हा शब्द तिथला. ती जवळीक मला अजूनही मोठी वाटते.

खर्चाचं फार सांगत नाही. अंगणवाडीत फी नाही, गरम आहार आणि लसीकरण आहे. नर्सरीला फी, व्हॅन, गणवेश. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी मात्र लक्षात ठेवावं: लेकरू सोबत न्यायचं असेल तर तिथल्या अंगणवाडीत त्याची नोंद करून घ्या, स्थलांतराची सोय आहे. नर्सरीची भरलेली फी मात्र तशी सोबत नेता येत नाही.

जावेला मी अंगणवाडीच सांगितली, पण एका अटीवर. ताई रोज निदान तास-दीड तास लेकरांशी बोलत, गाणी-गोष्टी घेत असल्या तरच. तुमच्या गावची अंगणवाडी फक्त खिचडीपुरती उघडत असेल, तर नर्सरी घ्या. पण जिथं मिस मराठीतून बोलू देतात आणि वयाच्या पाच वर्षांआधी वही पुढं ढकलत नाहीत, अशीच शोधा. कुठंही घाला, एक सकाळ मागं बसून बघा.

पोर सोमवारपासून अंगणवाडीत जाते आहे. दिवाळीनंतर मी परत एक सकाळ तिथं बसणार आहे.