१९ वर्षांनी कॅमेऱ्यात परत रोल टाकला, कुठला घ्यायचा ते सांगतो

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून माझा जुना फिल्मचा कॅमेरा, पेंटॅक्स के१०००, खाली आला आणि तेव्हापासून आत्तापर्यंत २६ रोल झाले, आठ प्रकारचे. ओळखीतल्या तिघा-चौघांनी विचारलं की आम्हालाही परत सुरू करायचंय, रोल कुठला घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

रोलच्या आधी कॅमेरा तपासा. माझ्या के१००० चं शटर मेकॅनिकल, ते पहिल्या दिवसापासून व्यवस्थित चाललं, पण मागच्या दाराच्या खाचेतला काळा फोम डिंकासारखा चिकट होऊन गेला होता, तो बदलला नाही तर तिथून प्रकाश शिरतो, फोटोवर नारिंगी पट्टे येतात आणि आपण रोलला दोष देत बसतो. आतल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला एक एलआर४४ सेल लागतो, तो कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. या कॅमेऱ्याच्या मीटरला बंद करायचं बटण नाही, लेन्सला टोपी लावून ठेवायची म्हणजे सेल टिकतो.

आम्ही सोडलं तेव्हा दुकानात जाऊन "एक छत्तीसचा रोल द्या" एवढंच म्हणायचो, फार तर तो विचारायचा शंभरचा की दोनशेचा (आकडा मोठा तितका रोलला उजेड कमी पुरतो). आता कोनिका नाही, ती २००६ लाच फोटोच्या धंद्यातून बाहेर पडली. उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स, जिचा इंदू ब्रँड होता, तीही बंद झाली. कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली तरी त्यांचे रोल अमेरिकेत रोचेस्टरला अजून बनतात, आणि फुजीच्या २०० च्या खोक्यावर आता मेड इन यूएसए लिहिलेलं असतं. थोडक्यात जे काही मिळतं ते सगळं बाहेरून येतं आणि महाग मिळतं, त्यामुळे चुकीचा रोल घेतला की खरंच जीवाला लागतं.

माझं एकच म्हणणं आहे, नेटवरचे फोटो बघून रोल निवडू नका. त्यातले कितीतरी फोटो युरोपातल्या मऊ ढगाळ उजेडातले असतात आणि वरून स्कॅन करणाऱ्याने रंग फिरवलेले असतात. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे डोक्यावर ऊन, चेहऱ्याची एक बाजू पांढरीफटक आणि दुसरी काळी, आणि जून ते सप्टेंबर भर दुपारी लाइट लावावा लागेल इतकं अंधारून आलेलं. हे दोन उजेड डोळ्यांसमोर ठेवून रोल घ्यायचा. सगळे वापरून झाल्यावर माझ्याकडे दोनच उरलेत, उन्हाला कलरचा कोडॅक गोल्ड २०० आणि पावसाळ्याला ब्लॅक अँड व्हाइटचा इलफर्ड एचपी५, तो ४०० चा.

गोल्डबद्दल आधी. जानेवारीत एका रविवारी जेजुरीला गेलो, सकाळी आठपासून अकरापर्यंत गडावर. भंडारा उधळला की पायऱ्या, दीपमाळा, माणसांचे खांदे, केस सगळं पिवळं होतं आणि त्या पिवळ्यावर ऊन पडलं की मीटरला वाटतं खूप उजेड आहे, तो सुई वर नेतो, त्याचं ऐकून उजेड कमी केला तर फोटो अंधारा येतो आणि पिवळ्याचा मातकट रंग होतो. म्हणून कॅमेऱ्यावरची रोलच्या आकड्याची डायल २०० ऐवजी १०० वर ठेवली, म्हणजे प्रत्येक फोटोला आपोआप एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड. निगेटिव्हचं हे गणित विसरलो होतो, उजेड जास्त झाला तर ती सांभाळून घेते पण कमी पडला तर सावलीत काही नोंदलंच जात नाही आणि मग स्कॅन करताना तिथून नुसतं हिरवट दाणेदार चिखल निघतं. १०० वर घेतलेल्या रोलमध्ये भंडारा हळदीसारखा गच्च आला, नगारखान्याच्या सावलीत बसलेल्या आजींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा दिसल्या, आणि आपल्या सावळ्या कातडीला हा रोल जी थोडी ऊब देतो ती मला फार आवडते. संध्याकाळी ती ऊब जरा जास्त होते, सगळं तांबूस, पण ते मला चालतं.

त्याच दिवशी दुसरा रोल कोडॅकच्याच एकटार १०० चा टाकला. दाणा (फोटोत दिसणारे फिल्मचे कण) इतका बारीक की दगडावरची छिन्नीची खूण दिसते, निळं आभाळ तर बघत राहावं, पण माणसांचे चेहरे लाल आले, भाजल्यासारखे लाल. देऊळ, डोंगर, गाड्या, रंगवलेली दारं यासाठी एकटार घ्या, माणसांसाठी नको. शिवाय १०० चा असल्यामुळे सावलीत गेलं की शटर स्पीड इतका खाली येतो की हात हलतो. आणि जेजुरीला जाणाऱ्यांना एक सांगतो, रोल बदलताना भंडाऱ्यापासून लांब, कुठेतरी आडोशाला जाऊन बदला, मी गर्दीतच दार उघडलं आणि आत गेलेल्या भुकटीने एकटारच्या रोलवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक बारीक ओरखडा पाडला.

कोणी म्हणेल २०० कशाला, सरळ ४०० चा घे म्हणजे सगळीकडे चालेल. मीही आधी कोडॅकचा अल्ट्रामॅक्स ४०० घेतला होता. पण के१००० चं शटर १/१००० च्या पुढे जात नाही, आणि कडक उन्हात ४०० च्या रोलला १/१००० ला एफ/११ वर जावं लागतं (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं भोक लहान). ५० एमएमची एफ/२ लेन्स असून मागचं धूसर करता येत नाही, सगळंच शार्प, टपरी पण शार्प आणि मागची बस पण शार्प. २०० ला निदान एफ/८ मिळतं आणि सावलीत त्याहून खूप खाली येता येतं. अल्ट्रामॅक्स वाईट नाही, खिशातल्या ऑटो कॅमेऱ्यात, घरात फ्लॅश मारून वाढदिवस वगैरे काढायचे असतील तर तोच घ्या.

कोडॅकचाच पोर्ट्रा ४०० भाचीच्या लग्नात वापरला, तीन रोल. खरंच सुंदर आहे. शालूचा जरीकाठ आणि चेहरा एकाच फोटोत नीट येतात, मांडवातला पिवळा बल्ब आणि बाहेरचं ऊन दोन्ही सहन करतो, माझ्याकडून दोन-तीन स्टॉप जास्त गेलेले फोटोसुद्धा वाचले. पण मला तो गोल्डच्या जवळजवळ दुप्पट भावाला पडला आणि हात बसलेला नसताना त्यावर शिकणं मला पटत नाही. आधी गोल्डचे पाच-सहा रोल करा, लग्नकार्य आलं की पोर्ट्रा.

आता एचपी५, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. जुलैत ताम्हिणीत धुक्यात एकदा कलर रोल घेऊन गेलो होतो, सगळं एकसारखं निळसर करडं, बघवत नाही. एचपी५ घेऊन गेलो तेव्हा तेच धुकं बोलायला लागलं. झाडाचं ओलं खोड काळंभोर, त्याच्या मागचं करडं, त्याच्या मागचं अजून फिकं, अशा पाच-सहा पायऱ्या दिसतात. फक्त धुक्यातही मीटर फसतो, पांढऱ्याला करडं करायला बघतो, म्हणून मीटर सांगेल त्यापेक्षा लेन्स एक स्टॉप जास्त उघडायची. उजेड फारच गेला तर डायल ८०० किंवा १६०० वर लावा, संपूर्ण रोल त्यावरच काढा आणि धुताना वेळ वाढवा, दाणा वाढतो पण चित्र उभं राहतं.

धुण्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. वारीत दिवे घाटात पालखी चढताना पाऊस होता, छत्रीखाली उभं राहून ३६ फोटो काढले, इतक्या वर्षांत असे फोटो काढले नव्हते. तो रोल एका कलर स्टुडिओत दिला, ब्लॅक अँड व्हाइट आहे असं दोनदा सांगितलं. संध्याकाळी तिथला मुलगा म्हणाला, "काका, याच्यावर काही आलंच नाही." रोल काचेसारखा स्वच्छ. त्यांनी तो कलरच्या मशिनमध्ये घातला होता. कलर निगेटिव्हमध्ये चित्र शेवटी रंगद्रव्याचं उरतं आणि चांदी सगळी धुऊन काढतात, पण साध्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चांदी हेच चित्र असतं, त्यामुळे ब्लीच आणि फिक्सरने माझा अख्खा दिवे घाट नेला. घरी येऊन जेवलो नाही त्या दिवशी.

म्हणून, जवळ ब्लॅक अँड व्हाइट धुणारा खात्रीचा माणूस नसेल आणि स्वतः धुणार नसाल तर इलफर्डचाच एक्सपी२ सुपर घ्या. तो ब्लॅक अँड व्हाइट आहे पण मुद्दाम कलरच्या केमिकलसाठी बनवलेला आहे, कुठल्याही कलर लॅबमध्ये चालतो. दिसायला जरा गुळगुळीत, एचपी५ चा खरखरीतपणा त्यात नाही.

मी त्या दिवसानंतर घरीच धुवायला लागलो. एक टाकी, अंधारात रोल भरायला काळी पिशवी, चित्र उमटवणारी डी-७६ पावडर, ते पक्कं करणारा फिक्सर, थर्मामीटर, बस. एचपी५ ला डी-७६ एकास एक पाणी घालून २० अंशाला ११ मिनिटं. पुण्यात नळाचं पाणी त्याहून गरम येतं, म्हणून टबात बर्फ घालून बाटल्या त्यात ठेवतो. पहिल्यांदा टाकीतून ओला रोल बाहेर काढून उजेडात धरला आणि त्यावर माणसं दिसली तेव्हा बायकोला आणि मुलीला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं.

स्वस्तातले दोन वापरले. चेक लोकांचा फोमापॅन ४०० खोक्यावर ४०० म्हणतो पण मला २५० वर लावल्यावरच सावल्यांमध्ये काही दिसलं. केंटमेअर ४०० इलफर्डच्याच कारखान्यात, इंग्लंडमध्ये बनतो, एचपी५ पेक्षा उजेडाच्या चुका कमी माफ करतो, पण टाकी भरायची, धुवायची प्रॅक्टिस करायला एकदम योग्य. माझा पहिला धुतलेला रोल केंटमेअरच होता.

दुकानात काचेच्या शोकेसमध्ये ऊन खात पडलेला जुना रोल स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. थंड देशांत मुदत संपल्यावरच्या दर दहा वर्षांना एक स्टॉप उजेड वाढवा असं सांगतात, आपल्या उन्हाळ्यात तो हिशोब लागू पडत नाही, आधी तारीख बघा आणि तो रोल कुठे ठेवला होता ते विचारा. घरी आणला की फ्रीजमध्ये, बंद डबीत. वापरायच्या आधी दीड-दोन तास बाहेर काढून ठेवा आणि मगच डबी उघडा, नाहीतर पावसाळ्यात गार फिल्मवर लगेच दव धरतं. विमानाने जाणार असाल तर रोल हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत कधीच नको, आणि नवीन सीटी स्कॅनर असेल तिथे हाताने तपासा अशी विनंती करा, त्याने न धुतलेला रोल धुरकट होतो.

आत्ता फ्रीजच्या दारात गोल्डचे तीन आणि एचपी५ चे पाच आहेत. एचपी५ चे चार पुढच्या वारीसाठी बाजूला ठेवलेत, दिवे घाटाच्या त्याच वळणावर जायचंय, पाचवा या रविवारी ताम्हिणीत.