ऑनलाइन इंग्लिश रायटिंग कोर्स केला, 5 पैकी साडेतीन स्टार

कोर्सचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, तक्रारी आहेत थोड्या. आठ आठवडे, फी साडेचार हजार. मी राहते ठाण्यात वर्तकनगरला आणि ऑफिस महापेला, त्यामुळे कुठे क्लासला जाऊन बसणं शक्यच नव्हतं, अर्धा कोर्स तर ठाणे ते कोपरखैरणे लोकलमध्ये मोबाइलवरच झालाय.

जाहिरातीत 'पर्सनल फीडबॅक' असं मोठ्या अक्षरात होतं. तो सर देणार नाहीत, आपल्यासारखीच बॅचमधली मंडळी देणार, हे पैसे भरल्यावर कळलं. दर आठवड्याला 250 शब्द लिहून टाकायचे, मग तीन अनोळखी लोकांचं लिखाण आपण तपासायचं, तरच आपले मार्क दिसतात. नावं कुणालाच दिसत नाहीत. कोर्सेरासारख्या मोठ्या साइटवरपण अशी पद्धत आहे, हजारो लोकांचं लिखाण तपासायला माणसं आणणार कुठून, तेही खरंच आहे म्हणा.

पहिल्या आठवड्यात मला काय मिळालं, तर एक 'नाइस', एक 'गुड वर्क कीप इट अप', आणि तिसऱ्याने नुसतं टिंब. बॉक्स रिकामा ठेवला तर पुढे जाता येत नाही ना, म्हणून टिंब! दुसऱ्या आठवड्यात एकाने माझं बरोबर असलेलं 'डिस्कस द प्रॉब्लेम' खोडून 'डिस्कस अबाउट द प्रॉब्लेम' केलं आणि वर मार्कपण कापले. आर्टिकलचं तर विचारूच नका, मराठीत ती भानगडच नाही, हिंदीतपण नाही, म्हणजे आम्ही सगळे एकमेकांचे 'द' अंदाजाने काढणार आणि अंदाजाने घालणार. ग्रामर सुधारायचं असेल तर या कोर्सच्या वाटेला जाऊ नका.

पण तिसऱ्या आठवड्यात मजा झाली. वर्णन करायचं होतं, मी मामलेदारच्या मिसळीवर लिहिलं आणि खूश होऊन टाकलं. त्यात एक वाक्य होतं, 'देन आय टूक एक्स्ट्रा कट'. कुणीतरी, बहुतेक महाराष्ट्राबाहेरचं असावं, विचारलं की तुला कुठे कापलं? आधीच्या ओळीत डोळ्यांतून पाणी आलं म्हणतेस, ते जखमेमुळे का? मी गाडीत एकटीच हसत बसले, शेजारच्या काकू बघायला लागल्या. पण नंतर विचार केला, आमचे सर मराठी, त्यांना कट म्हणजे काय ते माहीत, त्यांनी फार तर स्पेलिंग बघून सोडून दिलं असतं. वाचणारा नेमका कुठे अडकतो हे ज्याला काहीच माहीत नाही तोच सांगू शकतो. ऑफिसच्या मेलमध्ये मी हेच करत होते, आमच्या डिपार्टमेंटचे शॉर्टफॉर्म टाकायचे आणि समोरचा परत फोन करून विचारतो म्हणून चिडायचं.

माझा खरा राग आहे तो चौथ्या आठवड्यावर. तपासायचं कसं याचा व्हिडिओ तेव्हा आला! तोपर्यंत हातात फक्त आयेल्ट्स या इंग्लिशच्या परीक्षेत लिखाण तपासायचे चार मुद्दे, विषयाला धरून आहे का, सलगता, शब्द, व्याकरण, प्रत्येकाला 25 टक्के. अहो, तिथे ट्रेनिंग घेतलेले परीक्षक असतात, आम्ही कोण? व्हिडिओत एवढंच सांगितलंय की दुरुस्त करत बसू नका, कुठे अडखळलात ते लिहा आणि एक प्रश्न विचारा. त्यानंतर टिंबं जवळपास बंद झाली.

आणि एक, तपासताना मला जास्त फायदा झाला. हे नंतर शोधलं तर 2009 साली लंडस्ट्रॉम आणि बेकर यांचा अमेरिकेतला अभ्यास सापडला, इंग्लिश शिकणाऱ्यांपैकी ज्यांनी फक्त दुसऱ्यांचं तपासलं त्यांचं स्वतःचं लिखाण फक्त फीडबॅक घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं, त्यातही कच्च्या इंग्लिशवाल्यांचं. म्हणजे माझ्यासारख्यांचं. दुसऱ्याचा लांबच लांब पॅरा वाचून वैताग आला की आपला पॅरा आपोआप तोडला जातो.

आयेल्ट्सची तारीख जवळ असेल तर हा नका घेऊ, त्याला नीट तपासणारा माणूसच लागतो. बाकी घेतलात तर चौथ्या आठवड्याचा तो व्हिडिओ पहिल्याच दिवशी बघून टाका, लॉक नाहीये, खाली स्क्रोल केलं की सापडतो.