बॉस्टनचे बालसंग्रहालय: दहा महिने आणि तेरा फेऱ्यांनंतर

बॉस्टन चिल्ड्रन्स म्युझियमचे वार्षिक सभासदत्व घेऊन आम्हाला दहा महिने झाले आणि सभासदत्वाच्या नूतनीकरणाचा विषय घरात निघाला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. तिथे प्रत्येक वस्तूला हात लावायचा असतो हे बहुतेक पालकांना ठाऊकच असते, त्यामुळे दालनांची यादी देत नाही. आमची मुलगी साडेपाच वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा आहे.

पहिल्या फेरीनंतर माझे मत अगदी वाईट झाले होते. आम्ही बॉस्टनजवळच्या क्विन्सीहून गाडीने गेलो आणि जवळच्या एका खासगी वाहनतळाने तीन तासांचे जे पैसे घेतले, त्यांत घरचा आठवड्याचा भाजीपाला आला असता. त्यात मुलगा गोल्फचे चेंडू घरंगळत सोडण्याच्या पट्ट्यांपाशी जाऊन उभा राहिला, तो एक तास दहा मिनिटे तिथून हलला नाही. तीन मजली चढण्याची जाळी राहिली, साबणाचे फुगे राहिले. एवढे पैसे मोजून एकच खेळ, या विचाराने मी त्याला जवळजवळ ओढतच बाहेर आणले. त्याचे आजही वाईट वाटते.

मत बदलले ते तिसऱ्या फेरीत, आणि त्याच पट्ट्यांपाशी. पट्टी वरून खाली येते, मध्ये तिला उंचवटा असतो आणि चेंडू तो ओलांडून पुढे जातो. पहिल्या दोन वेळा मुलगा चेंडू सर्वांत वरूनच सोडत होता, कारण त्याला तो खाली आपटल्याचा आवाज हवा होता. तिसऱ्या वेळी त्याचा हात वरपर्यंत पोहोचला नाही आणि चेंडू मध्येच सुटला. तो उंचवट्यावर अर्धा चढला, क्षणभर थबकला आणि मागे आला. मुलाने आवाज केला नाही, नुसता चेंडूकडे पाहत राहिला. त्यानंतर पाऊण तास तो चेंडू थोडा वर, थोडा खाली ठेवून सोडत होता आणि सहाव्या फेरीपर्यंत पट्टीवर एका जागी बोट टेकवून सांगू लागला, “इथून नाही जात. इथून जातो.” घर्षणात काही ऊर्जा खर्च होते, म्हणून चेंडू उंचवट्यापेक्षा थोडा अधिक उंचावरून सोडावा लागतो, हे मी नववीत पाठ केले होते, त्याने ते बोटाने शोधले. हे एका भेटीत झाले नसते, आणि मी घाई केली असती तर तेराव्या भेटीतही झाले नसते.

हे संग्रहालय 1913 सालचे आहे, पण त्याला आजचे रूप मिळाले ते 1962 मध्ये मायकल स्पॉक संचालक झाल्यावर. त्यांनी वस्तू काचेच्या कपाटांतून बाहेर काढून मुलांच्या हाती दिल्या. त्या निर्णयाचा अर्थ मला त्या पट्टीपाशी उभे राहून कळला.

दुसरी आवडती जागा म्हणजे जपानमधल्या क्योटोहून भेट मिळालेले लाकडी दुमजली घर. तिथल्या सुतारांनी 1979 मध्ये ते इथे येऊन पुन्हा उभे केले. आत जाताना पादत्राणे काढावी लागतात. साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई तातामीवर, म्हणजे जपानी चटईवर, मांडी घालून बसल्या, विणीवरून तळहात फिरवला आणि नातीला म्हणाल्या, “बघ गं, अशी घट्ट वीण असली की चटई वर्षानुवर्षं टिकते.” इतरत्र त्या बाकावर बसून वाट पाहत असत, इथे अर्धा तास त्यांनी नातीला जवळ घेऊन गोष्टी सांगितल्या. आजी-आजोबा आले असतील, तर हे घर आधी पाहावे.

आता खर्चाचे. वर्षातून एकदाच जाणार असाल तर तिकीट काढा. चार-पाच वेळा जाणार असाल तर सभासदत्वच घ्या, कारण मग “पैसे वसूल झाले पाहिजेत” हे ओझे मुलांच्या अंगावर पडत नाही आणि एका तासात परत निघता येते. चौथ्या फेरीपासून आम्ही गाडी आणणे बंद केले. रेड लाइन या मेट्रोने साउथ स्टेशनला उतरून संग्रहालयाजवळच्या कालव्यापर्यंत दहा मिनिटे चालायचे. संग्रहालयाबाहेरची दुधाच्या बाटलीच्या आकाराची चाळीस फुटी वास्तू दिसली की मुले स्वतःच पुढे पळतात. मोठ्या माणसासोबत अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांना मेट्रोत तिकीट लागत नाही. संग्रहालयात तीन वर्षांखालील मुलांसाठी वेगळी खोली आहे. साबणाच्या फुग्यांपाशी बाह्या कोपरापर्यंत भिजतात, म्हणून एक जादा सदरा पिशवीत असू द्यावा. थंडीत ओल्या बाहीने स्टेशनपर्यंत चालणे मुलांना सोसत नाही.

नूतनीकरणाचे पैसे काल भरले. परवा शनिवारी जायचे आहे. मुलाने आतापासूनच सांगून ठेवले आहे की, या वेळी दोन चेंडू एकदम सोडायचे.